पांढऱ्या घोंगडीवरची पानं

बुधवार, एसटीत

दहिवडीच्या अलीकडे माझ्या पिशवीतून काळं पाणी गळायला लागलं. शेजारच्या गृहस्थांनी आधी पाय वर घेतले आणि मग विचारलं, "बाई, हे काय हाय?" पांढरीशुभ्र विजार, पिळदार मिशा, ताठ मान. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस आमच्या सातारा जिल्ह्यात लांबूनही ओळखू येतो. मी सांगितलं, घोड्याचे गंजलेले नाल आणि गूळ पाण्यात महिनाभर कुजवून केलेलं हे लोखंडाचं पाणी आहे. एरवी ते चहासारखं दिसतं. पण बूच सैल झालं, पाणी हिरड्याच्या पुडीत शिरलं, आणि हिरड्याला लोखंड भेटलं की त्याची शाई होते.

"म्हंजे डाग जाणार न्हाई."

"नाही," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

विजारीच्या टोकावर रुपयाएवढा काळा ठिपका पडला होता. त्यांनी तो बराच वेळ निरखला. "पक्का रंग हाय म्हणायचा," एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी मात्र म्हसवड येईपर्यंत तीन वेळा पिशवी उपसली आणि तीन वेळा भरली.

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात. सातारच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं नोकरी केली. पानं गोळा करायची, रद्दीत दाबायची, वाळवायची, कागदाला चिकटवायची. निवृत्त झाल्यावर वाटलं, ही पानं कागदाऐवजी कापडावर उमटली तर? करायला गेलं तर ते सोपं आहे. कापड स्वच्छ धुवायचं, तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, त्यावर ओली पानं मांडायची, नळीवर घट्ट गुंडाळून दोऱ्याने आवळायचं आणि वाफ द्यायची. पानातला रंग कापडात उतरतो, शिरांसकट. सुती कापड त्यासाठी फार नखरे करतं, पण लोकर रंग पटकन धरते. अवघड एकच गोष्ट आहे, वाट बघणं. ती मला येत नाही.

लोकर आपल्याकडची हवी, हा माझा हट्ट. पण आपल्याकडची मेंढरं बहुतेक काळी, आणि काळ्यावर पान कुठलं दिसायला! गेल्या वर्षी म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेत मल्लाप्पा नावाचे विणकर घोंगड्या विकायला बसले होते. मी त्यांना विचारलं, पांढऱ्या लोकरीची मिळेल का? ते म्हणाले, "मिळंल. पर थांबावं लागंल." मी त्यांच्या मागे लागले. त्यांनी ओळखीच्या मेंढपाळाकडून दोन कातरणींची पांढरी लोकर वेचून घेतली, कातवून आणली आणि एक घोंगडी विणली. एकच. दुसरीला लोकर नव्हती.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, की घोंगडी तयार आहे, पण लवकर या. मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलगा मिरजेला गॅरेजात आहे. पुढच्या बुधवारी तो गवंडी घेऊन येणार होता आणि घरात मध्यभागी असलेला मागाचा खड्डा, ज्यात पाय सोडून विणायला बसतात तो, भरून वर फरशी घालणार होता. "पाव्हणं घर बघाया येतील, खड्ड्यात पडतील, म्हंतोय," मल्लाप्पा फोनवर हसत म्हणाले होते, पण हसू काही खरं नव्हतं. मी सांगलीच्या एका दुकानदार बाईंना लगेच विचारलं. त्या हातमागाचं कापड ठेवतात. त्या म्हणाल्या, एक नमुना दाखवा, आवडला तर वर्षभराचं काम देते. एवढं काम मिळालं तर खड्डा राहणार होता. सगळं त्या एका घोंगडीवर होतं.

म्हसवड

रात्रीपुरती म्हसवडला आमच्या कॉलेजातल्या जुन्या सहकारी कलावतीकडे थांबले. तिने हुलग्याचं माडगं केलं होतं, गरम, पातळ, लसणाची फोडणी दिलेलं. आमच्याकडे हुलगे म्हणजे आजारपणानंतरचं खाणं. इथे पाहुण्याला वाटी भरभरून वाढतात आणि संपली की न विचारता परत भरतात. मी तीन वाट्या प्यायले. सागाची कोवळी पानं मी साताऱ्याहून ओल्या फडक्यात आणली होती. ती सारखी उघडून बघत होते म्हणून कलावती म्हणाली, "अगं, अंडी उबवतीयास का काय?" पहाटे ती उठायच्या आत मी स्टँडवर हजर होते.

गुरुवार, जतच्या पुढे

जत सोडलं की झाडं कमी होत जातात आणि आभाळ वाढत जातं. दुकानांच्या पाट्यांवर मराठीखाली कानडी दिसायला लागतं. ज्वारीची ताटं जेमतेम गुडघाभर होती. मल्लाप्पांच्या वस्तीवर उतरले तेव्हा टँकर नुकताच येऊन गेला होता आणि दारोदारी बायका भरलेले बॅरल झाकून ठेवत होत्या. तिथे टँकर गुरुवारी आणि सोमवारी येतो.

मल्लाप्पा सत्तरीचे, किडकिडीत, बोलण्यात अजिबात घाई नसलेले. त्यांची बायको गंगव्वा अंगाने भरदार, कपाळभर भंडारा, कमी बोलणारी. तिने गूळ-पाणी पुढे केलं. मी उभ्याउभ्याच प्यायले आणि म्हणाले, घोंगडी दाखवा.

मल्लाप्पांनी ती घडी न करता गुंडाळीच्या गुंडाळी आणून समोर उभी केली. खरोखर उभी. पत्र्यासारखी कडक, सायीच्या रंगाची, जवळ नेलं की मेंढराचा आणि चिंचेचा वास. घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भिजवून, सोलून, वाटून, शिजवून केलेली ती पेज गंगव्वा कुंच्याने घोंगडीभर ओढते. चाळीस वर्षं या घरातल्या प्रत्येक घोंगडीला तिनेच खळ दिली आहे. विणणं पुरुषाचं आणि खळ बाईची, असा तिथला रिवाज.

"ही खळ काढावी लागेल," मी मल्लाप्पांना म्हणाले. "पान लोकरीला भिडलं पाहिजे. मधे खळ चालत नाही." सांगताना माझे डोळे बॅरलवर होते.

"काढा की," ते म्हणाले.

दोन बॅरल पाणी गेलं. कोमट करून, रिठा घालून, पुन्हा पुन्हा खंगाळून. साताऱ्यात नळ सोडला की पाणी येतं, त्या सवयीने मी धूत सुटले. गंगव्वा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. मी तिच्याशी काही बोलले नाही. दिवस मावळायला घोंगडी तुरटीच्या पाण्यात घातली, तेव्हा ती हातात लोण्यासारखी लोळत होती. मला कोण आनंद झाला!

शुक्रवार

सकाळी घोंगडी भिजत पडलेली आणि मला करायला काही नाही. बसवेना. जतकडे येताना रस्त्याकडेला निलगिरी दिसली होती. लोकरीवर निलगिरीचं पान विटकरी-नारिंगी उमटतं, झकास. "दुपारी घोंगडी काढून वाळत घाला, मी आलेच," असं गंगव्वाला सांगून मी एका वडापच्या जीपमध्ये चढले. आलेच म्हणता म्हणता सहा वाजले, कारण जीप परत यायला भरेना.

अंगणात पाय टाकला आणि समोर बघितलं. घोंगडी दोरीवर नव्हती. बाजेला टेकून उभी होती. पत्र्यासारखी.

"हे काय केलंत?" मी किंचाळलेच.

गंगव्वाच्या हातात अजून कुंचा होता. तिचा चेहरा आधी हसरा होता, मग उतरला. "खळ दिली," ती म्हणाली. "पार फडकं झालतं तिचं. आमच्या घरातनं आसली घोंगडी भाईर जाईल व्हय? लोक काय म्हंतील?"

मी नको नको ते बोलले. दोन बॅरल पाणी फुकट गेलं, पानं वाळतील, बुधवार आला, तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावायचं काय अडलं होतं, सगळं. ज्या बाईच्या घरचं पाणी मी ओतलं तिलाच पाण्याचा हिशेब सुनावत होते. मल्लाप्पा मागावरून उठून दारात आले, पण मधे पडले नाहीत. गंगव्वा कुंचा धुवायला मागे गेली. संध्याकाळी तिने माझ्यापुढे भाकरी, खरडा आणि दह्याची वाटी ठेवली आणि पाठ वळवून चुलीशी बसली. भाकरी चांगली झाली होती, हे मला खाली मान घालून खातानाही कळत होतं.

शनिवार

टँकर सोमवारी, आणि धुवायला तर दोन बॅरल हवे. मला वाटलं, खळीवरच बघूया, कुणी सांगावं! घोंगडीच्या एका टोकावर तीन पानं ठेवली, तेवढंच टोक गुंडाळलं, पातेल्यावर दोन तास वाफ दिली. निवायची वाट न बघता सोडलं, बोटं भाजली. लोकरीवर तीन पिवळट डाग, चहा सांडल्यासारखे. शीर नाही, कड नाही. खळीने पान वरच्या वर अडवलं होतं.

मी पिशवी उचलली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, फक्त तिथे थांबवत नव्हतं. जत गाडी आली, चढले. जतच्या स्टँडवर भजी घेतली आणि बाकावर बसले, कारण साताऱ्याच्या गाडीला दीड तास होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एवढा वेळ रिकामी कधी बसले नव्हते. बसल्यावर काय होतं, तर माणूस विचार करतं. मला आठवलं, की खळ का काढायची हे मी मल्लाप्पांना सांगितलं होतं, तेही उभ्याउभ्या. जी खळ देते तिला एक शब्द सांगितला नव्हता. तिच्या डोळ्यांदेखत तिचं काम दोन बॅरल पाण्याने गटारात सोडलं, आणि वर तिलाच विचारलं की हे काय केलंत. मला माझीच फार लाज वाटली. भजी तशीच कागदात बांधली आणि पुढच्या गाडीने परत गेले.

गंगव्वा ओसरीवर चिंचोके फोडत होती. मी तिच्यासमोर फतकल मारून बसले.

"गंगव्वा, चुकलं माझं."

ती फोडत राहिली. मग म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमचं कसं चुकंल?"

मी पिशवीतून निलगिरीचं पान काढलं, तिच्या तळहातावर दाबून धरलं आणि सांगितलं. हे पान असं टेकलं तर त्याचा रंग लोकर पिते. मधे पेज आली की पान तिथेच थांबतं. खळ वाईट नाही, ती तिचं काम चोख करते, बाहेरचं काही आत जाऊ देत नाही. म्हणून धुतली.

तिने तळहात उलटा करून बघितला. "मग हे आधी का सांगितलं न्हाई?"

"घाई होती."

"कशाची?"

मी भज्यांचा कागद सोडून मधे ठेवला. ती हसली, आणि कागद स्वतःकडे ओढला.

मग ती बोलायला लागली, आणि कमी बोलणारी बाई ही नव्हेच असं वाटलं. "म्हातारा माग सुटला तर देवळात जाऊन बसंल गप्पा हाणत. पोरगं मिरजंत. मी कुठं बसू, सांगा की! समदी वस्ती म्हंती, गंगव्वाच्या खळीची घोंगडी पावसात सुदिक भिजत न्हाई. खड्डा बुजला की मला कोन इचारनार? सुनंच्या फरशीवर पोछा मारत बसू?"

माग जाणार म्हणजे मल्लाप्पांचं काहीतरी जाणार, असं मी धरून चालले होते. ते तर विडी ओढत निवांत होते. जे जाणार होतं ते हिचं.

रविवार

रविवारी मी काही केलं नाही, असं लिहिताना मलाच नवल वाटतं. खरं म्हणजे मी चिंचोके सोलले. भिजवलेल्या चिंचोक्याचं टरफल काढणं हे नखांची परीक्षा बघणारं काम आहे. मी तासाला ओंजळभर सोलत होते आणि गंगव्वा सूपभर. मी दर दहा मिनिटांनी उठून रस्त्याकडे बघत होते, उगाच. "आवं बाई, टँकर उद्या हाय," गंगव्वा म्हणायची. सागाची पानं काळी पडली ती शेळीनेही हुंगून सोडली. सोलता सोलता गंगव्वा एकदम थांबली.

"पानं लोकरीत उतरली, की मग निघून जात्यात का?"

"नाही. पक्की बसतात."

"मग आधी पानं उठवा. खळ मी मागनं देते."

इतकं साधं होतं. मी तीन दिवस घोंगडी बिनखळीचीच राहील असं धरून चालले होते, कारण मला ती तशी मऊ आवडत होती.

सोमवार आणि मंगळवार

टँकर आला. या वेळी मी बॅरलला हात लावला नाही. गंगव्वा घरोघरी गेली, कानडीत काय बोलली ते मला कळलं नाही, पण प्रत्येक घरातून दोन-दोन घागरी आल्या. पाणी देणाऱ्या बायका जागच्या हलल्या नाहीत, धुणं बघायला थांबल्या. धुतलेलं पाणी वाया गेलं नाही, डाळिंबाच्या चार झाडांना गेलं. दुपारी पुन्हा तुरटी दिली आणि पानं मांडायला बसलो. निलगिरी मी आणली होती. गंगव्वाने एरंडाची कोवळी पानं आणली, पंज्यासारखी, तांबूस देठाची. ती लोखंडाच्या पाण्यात बुडवून तिने मांडली. मी सरळ रांगेत मांडत होते, ती कुठेही टाकत होती, आणि तिचीच बरी दिसत होती हे कबूल करते. नळीवर गुंडाळून लोकरीच्याच दोऱ्याने मल्लाप्पांनी ते असं आवळलं की बोट शिरेना.

दोन तास वाफ दिली. मग निवू द्यायचं, किमान रात्रभर. गरम लोकर घाईने उघडली आणि गार पाण्याला लागली तर आटून जाते, हे मला पाठ आहे. तरी मी दोनदा गाठीकडे हात नेला. शेवटी मल्लाप्पांनी गुंडाळी उचलून मागाच्या खड्ड्यात ठेवली आणि स्वतः काठावर बसून पाय आत सोडले. "आता काढा की," म्हणाले.

मंगळवारी सकाळी दोरा गंगव्वाने सोडला. मी घाई करीन म्हणून मला नको म्हणाली. पहिला पदर उलगडला, पानं काळी, चिकटलेली. तिने एक सोललं. खाली विटकरी रंगाचं निलगिरीचं पान, मधली शीर केसासारखी. दुसरं. एरंडाचा पंजा, कडेने जांभळट काळा, आत राखाडी, प्रत्येक बोटाची शीर वेगळी. आम्ही तिघं गुडघ्यावर बसून पानं सोलत गेलो. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

"म्हातारे," मल्लाप्पा बायकोला म्हणाले, "तू एवढी पानं टाकली व्हतीस?"

खरं तर रंग मुरायला अशी घोंगडी आठवडाभर तशीच ठेवावी. आठवडा नव्हता. चूळभर पाण्यातून काढली, उन्हाला टाकली, आणि दुपारी गंगव्वा कुंचा घेऊन आली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एका दिशेने, न थांबता. सूर्य टेकला तेव्हा घोंगडी बाजेला टेकून उभी होती, अंगावर पानं घेऊन.

बुधवार, सांगली

पहिल्या गाडीने निघाले. मिरजेच्या फाट्याला समोरून एक टेम्पो गेला, मागे फरशीच्या पेट्या आणि दोन माणसं. तोच असेल असं नाही, पण तो दिसेनासा होईपर्यंत मी मागे वळून बघत राहिले.

दुकानाच्या बाईंनी घोंगडी काउंटरवर घेतली. त्या कितीतरी वेळ पानांवरून बोट फिरवत होत्या. मी उभी, बसा म्हणाल्या तरी उभी. "सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. "मी बारा घेईन, वर्षभरात, काळ्या-पांढऱ्या मिसळीच्याही चालतील. फक्त हा कडकपणा काढून द्या. लोकांना खांद्यावर टाकायला मऊ लागतं. धुवून दिलीत की झालं."

धुवून दिलीत की झालं. शुक्रवारी हेच वाक्य मी स्वतः ओरडून सांगितलं असतं. हो म्हणायचं आणि फोन लावायचा, एवढंच करायचं होतं. गवंडी एव्हाना पोचलाही असेल. मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"नाही," मी म्हणाले. "ही अशीच मिळेल. खळ देणारी बाई वेगळी आहे, तिचं काम आहे ते. वापरली की दोन महिन्यांत मऊ होते, आणि तोवर पावसात भिजत नाही."

मी दाराकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा दाराकडे. त्यांनी घोंगडी उचलून काउंटरवर उभी केली. ती उभी राहिली. बाजूला साड्या बघणाऱ्या दोन बायका साड्या टाकून जवळ आल्या. एकीने तिच्यावर टिचकी मारली, टण् आवाज आला, आणि ती हसली.

"बरं," दुकानाच्या बाई म्हणाल्या. "अशाच बारा."

मी तिथेच फोन लावला. उचलला गंगव्वानेच, मागे खोऱ्याचा खरखर आवाज येत होता.

"गंगव्वा, बारा सांगितल्यात."

तिने एवढंच विचारलं.

"खळ देऊन का बिनखळीच्या?"

"खळ देऊन."

फोन कानापासून लांब गेल्याचं कळलं, आणि मग तिचा आवाज आला, वस्तीभर ऐकू जाईल असा. "ए गवंडी! खोरं ठेव खाली. खड्डा सोडून बाकीची फरशी घाल."